मुक्काम मूलाधार

१ डिसेंबर. दिवस पहिला.

मदनसिंग गुरुजी म्हणाले, "मारोतराव, साधना करता तं रोज लिवत जा. बरं होवो, वाईट होवो, लिवा. फक्त खोटं लिवू नका." म्हणून ही वही आणली. लिहिणं मला नवं नाही. बत्तीस वर्षं एसटी चालवली, रोज लॉगशीट भरली: सुटलो कधी, पोचलो कधी, गाडीला काय झालं, मुक्काम कुठे. मे महिन्यात रिटायर झालो आणि भरायला कागदच उरला नाही. पहिले दोन महिने तर हात नुसते शिवशिवत होते.

तर नोंद. सुटण्याची वेळ पहाटे पाच. जागा मधली खोली, तोंड पूर्वेला, समोर समई. आसन म्हणून बायकोने, रंगूने, गोधडीची जाड घडी घालून दिली. बसलो चाळीस मिनिटं. आधी आळीपाळीने नाकपुड्या, मग मनात 'लं, लं, लं' आणि लक्ष पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाला. तिथे मूलाधार चक्र. तिथे कुंडलिनी साडेतीन वेटोळे घालून झोपलेली आहे. ती उठली की वर निघते, एकेका चक्रावर थांबत माथ्यापर्यंत जाते. गुरुजी म्हणतात, प्रत्येक चक्रावर शक्तीचा मुक्काम असतो, कुठे दिवसाचा, कुठे वर्षांचा. हे मला झटकन समजलं. सहा थांबे आणि शेवटचं स्टँड. अशा एकेचाळीस पहाटा, एकही खाडा न करता.

आज काय झालं? काही नाही. डाव्या पायाला मुंग्या आल्या.

चहा देताना रंगूने विचारलं, "अन् कंबर?"

"मी कुंडलिनीचं सांगून राह्यलो, तू कंबरेचं विचारून राह्यली."

"तुमीच म्हनता ना, तितंच अस्ते म्हनून," ती म्हणाली आणि मेथी तोडायला मळ्यात निघून गेली.

२ डिसेंबर. दिवस दुसरा.

काही नाही. मांजर मांडीवर येऊन बसली. तिची समाधी लगेच लागली.

४ डिसेंबर. दिवस चौथा.

शेलूबाजारला गेलो होतो. बी-बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत गुरुजींचा वर्ग भरतो. आम्ही पाच जण. गुरुजी शाळामास्तर होते, नोकरी सोडून अकरा वर्षं नर्मदेच्या काठी राहिले, आता परत आले आहेत. गोड बोलत नाहीत, काही मागत नाहीत, म्हणून माझा विश्वास बसला.

आज त्यांनी सांगितलं की संक्रांत झाली की ते पुन्हा नर्मदेवर जाणार, दोन वर्षांच्या मुक्कामाला. एकेचाळीस दिवसांत ज्याचा मूलाधार तापेल, त्याला सोबत नेणार. ज्याचा नाही तापला त्याने घरी बसून तयारी करावी.

खोटं लिहू नका म्हणाले, म्हणून खरं लिहितो. मला जायचं आहे. फार जायचं आहे. बत्तीस वर्षं मी लोकांना त्यांच्या गावी पोचवलं आणि तीच गाडी वळवून परत आणली. लोक उतरून जायचे, कोणी लग्नाला, कोणी दवाखान्यात, कोणी माहेरी. मी मात्र कुठेच पोचलो नाही. एकदा तरी असं निघावं की गाडी परत वळवावी लागू नये.

रंगूला अजून बोललो नाही. आधी तापू तर दे.

७ डिसेंबर. दिवस सातवा.

थंडी वाढली. आसनावरून उठायला गेलो तर कंबर धरली. अर्धा वाकलेला तसाच राहिलो. हाक मारायची लाज वाटली, पण मारली. रंगूने काखेत हात घालून उभं केलं. खाली फरशीवर हात फिरवून म्हणाली, "बरफ हाय खाली. कंबर नाई भरन तं काय होईन? उद्यापासून नका बसू बापा."

"एकेचाळीस दिवसांचा नेम हाय. मोडता येत नाई."

"मंग पलंगावर बसा."

"पलंगावर नाई चालत."

तिने गोधडी झटकून परत घडी घातली. मग म्हणाली, "बरं. पन त्याच जाग्यावर बसत जा. अन् आसन मी घालून ठेवत जाईन, तुमी हात लावू नका." माझ्या साधनेचं तिला थोडं तरी महत्त्व वाटलं, बरं वाटलं.

९ डिसेंबर. दिवस नववा.

घाईने लिहितो आहे, अक्षर वाकडं येईल.

आज मूलाधार तापला.

बसलो तेव्हाच आसन जरा उंच वाटलं, बैठक छान जमली, गुडघे आपोआप खाली टेकले. पाचेक मिनिटांत कण्याच्या खालच्या टोकाला ऊब जाणवली. आधी वाटलं, भास आहे. मग ती वाढत गेली. भट्टीसारखी नाही, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या सीटवर बसावं तशी. पंचवीस-तीस मिनिटं टिकली आणि हळूहळू निवली. डोळ्यांत पाणी आलं. ओळखी-पाळखीचं कोणी नसताना कोणीतरी आपलं नाव घेऊन हाक मारावी असं झालं.

अनुभव घरात सांगायचा नाही हा नियम आहे, म्हणून चहा पिताना गप्प बसलो. रंगू म्हणाली, "आज तोंड लय खुश दिसून राह्यलं." मी म्हटलं, "झोप चांगली झाली."

"कंबर?"

"ठीक हाय."

तीही खूश दिसली.

१२ डिसेंबर. दिवस बारावा.

रोज येते. ठरल्या वेळी येते, आमच्या डेपोतून कोणतीच गाडी इतकी वेळेवर सुटली नाही. दोन गोष्टी टिपून ठेवतो. एक, ऊब पसरट नाही, तिला कोपरे आहेत. नीट लक्ष दिलं तर चौकोनी वाटते. दोन, सोबत एक वास येतो, भाजलेल्या मातीचा.

मला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

१४ डिसेंबर. दिवस चौदावा.

गुरुजींना सांगितलं. ते सरसावून बसले.

"चौकोन म्हनता?"

"हो गुरुजी. अन् मातीचा वास."

त्यांनी कपाटातून जुनी पोथी काढली आणि चित्र दाखवलं. चार पाकळ्यांचं कमळ, मधोमध पिवळा चौकोन. मूलाधाराचं तत्त्व पृथ्वी आणि गुण गंध! "तुमी हे आदी कुठी पाह्यलं होतं काय?" मी म्हटलं, "देवाशप्पथ नाई. मी जिंदगीभर टाइमटेबल वाचलं फक्त." बाजूला हरिसिंग बसला होता, सहा वर्षांपासून साधना करतो. त्याला अजून काहीच तापलेलं नाही. त्याचा चेहरा उतरला. मला आनंद झाला आणि मग आनंद झाल्याची लाज वाटली. दोन्ही लिहून ठेवतो.

गुरुजींनी यादीत माझं नाव लिहिलं.

१७ डिसेंबर. दिवस सतरावा.

रंगू काल केनवडला गेली, आमच्या राखीकडे. लेकीला ताप आहे, दोन दिवस राहील. जाताना म्हणाली, "दोन दिस नाई बसले तं नाई चालन काय?" म्हटलं, नाही चालणार. "मंग अंगावर शाल घेजा," म्हणाली.

आज ऊब आली नाही. पाऊण तास बसलो. फरशी फक्त.

१८ डिसेंबर. दिवस अठरावा.

आजही नाही. बैठकही जमली नाही, आसन खाली गेल्यासारखं वाटत होतं. कारण शोधलं. परवा रात्री लसणाचा ठेचा खाल्ला. त्याआधी शेजारच्या गोमतीबाईच्या कुत्र्यावर दगड उचलला होता. शक्ती रुसली असणार.

१९ डिसेंबर. दिवस एकोणिसावा.

ठेचा बंद, कुत्र्याला भाकर घातली, तरी नाही. संध्याकाळच्या जीपने रंगू आली. राखीचा ताप उतरला आहे.

२० डिसेंबर. दिवस विसावा.

आली! पहिल्यापेक्षा जोरात आली. आता निदान झालं. मी तीन दिवस स्वतःच्या हातचं खात होतो. रंगूच्या हातच्या अन्नात सात्त्विकता आहे, हे मान्य करावं लागेल. नर्मदेवर जेवण कोण करतं, हे गुरुजींना विचारायला हवं.

२३ डिसेंबर. दिवस तेविसावा.

न्हाणीजवळच्या चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवायला गेलो तर पातेलं कललं. चुलीची एका बाजूची वीट अर्धीच आहे. रंगूला विचारलं तर म्हणाली, "फुटली." उरलेली अर्धी कुठे गेली, तर म्हणाली, "हाय कामात." बायका काय काय सांभाळून ठेवतात. मी खाली दगड लावून दिला.

२७ डिसेंबर. दिवस सत्ताविसावा.

मोठी बातमी. कंबर दुखायची थांबली आहे. बत्तीस वर्षांच्या सीटने जे दुखणं दिलं, डॉक्टरांनी ज्याला पट्टा दिला, मलम दिलं, हात टेकले, ते गेलं. आज मळ्यात वाकून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, पंचवीस जुड्या बांधल्या. रंगू बघत होती. तिला सांबार म्हणजे तिची लेकरं, कोणाला हात लावू देत नाही, पण आज लावू दिला.

गुरुजींच्या पोथीप्रमाणे ऊब कंबरेपर्यंत चढली म्हणजे शक्ती दुसऱ्या थांब्याला, स्वाधिष्ठानाला पोचली. या गतीने गेली तर उन्हाळ्यापर्यंत हृदयाला लागेल.

१ जानेवारी. दिवस बत्तिसावा.

आज सांगायचंच असं ठरवून मळ्यात गेलो. ती मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. उद्या शेलूबाजारचा माल. मी समोर बसलो, मेथीची एक काडी हातात घेऊन तिची पानं तोडत राहिलो.

"काय म्हनता?" तिने विचारलं.

"काई नाई."

मग तीच बोलली. "आता सांजेले दोन ताटं घ्याले बरं वाटते. पहिले मी कधी ताट घेतच नोती. भाजीच्या गंजातलंच खाऊन घेत होती. एकटीसाठी कोन ताट काढन?"

माझी गाडी कायम मुक्कामी असायची. संध्याकाळी वाशिमहून निघायचं, कुठल्यातरी गावात गाडी लावून तिथेच झोपायचं आणि सकाळची पहिली फेरी घेऊन परतायचं. महिन्यातले वीस-बावीस दिवस. राखी लहान असताना विचारायची, बाबांचं घर कुठे आहे? आम्ही हसायचो. रंगू हसायची का, ते आता आठवत नाही.

सांगितलं नाही. मेथीची एक जुडी बांधून दिली. ती सैल झाली म्हणून तिने परत सोडून बांधली.

३ जानेवारी. दिवस चौतिसावा.

तिला कळलं. माझ्याकडून नाही. हरिसिंगच्या बायकोने बाजारात गोमतीबाईला सांगितलं, गोमतीबाईने रंगूला विचारलं, "मारोतराव दोन वर्साले जाऊन राह्यले म्हन्ते?"

घरी येऊन टोपली खाली ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि मग माझ्यापुढे उभी राहिली.

"दोन वर्स?"

"हो."

"कधी जा लागते?"

"संक्रांत झाली की."

मला वाटलं, रडेल. भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, मोक्ष वगैरे. ती फक्त म्हणाली, "म्हंजे अजून एक मुक्काम."

मग स्वयंपाकाला लागली. वांग्याचं भरीत केलं, चवीला रोजच्यासारखंच. दोन ताटं घेतली.  माझ्या तयार उत्तरांपैकी एकही कामाला आलं नाही. वाईट वाटतं आहे. फार वाईट वाटतं आहे.

४ जानेवारी. दिवस पस्तिसावा.

जसं झालं तसं लिहितो.

पहाटे उठलो तेव्हा तिचं अंथरूण रिकामं होतं, रोजच असतं. मधल्या खोलीत आसन घातलेलं होतं. मला वाटलं होतं, आज घालणार नाही. बसलो. डोळे मिटले. 'लं' दहा वेळाही झालं नसेल, मूलाधार तापला. तापला म्हणजे काय, पेटला. मी म्हटलं, आज जागृती! दात आवळून बसलो. गुरुजींनी सांगितलं होतं, कितीही झालं तरी आसन सोडू नका. कपाळाला घाम फुटला. शेवटी जिवाच्या आकांताने ओरडून उठलो, तेही कंबर न धरता टुणकन. गोधडीतून धूर निघत होता.

घडी उलगडली. आत माझ्या जुन्या खाकी शर्टात गुंडाळलेली अर्धी वीट.

रंगू दारात उभी होती. हातात चिमटा.

"लय तापली काय?"

मी तिच्याकडे बघतो, विटेकडे बघतो.

"राग आला होता ना," ती खाली बघत म्हणाली. "चुलीतच इसरून गेली. रोज मी बरोबर काढतो."

"रोज?"

"मंग? तुमची कंबर भरे म्हनून. तवापासून. मले वाटलं तुमाले मालूम हाय."

भाजलेल्या मातीचा वास खोलीभर सुटला होता. अर्धी वीट, चारही बाजू जवळपास सारख्या. चौकोन.

 बाहेर जाऊन आंघोळीच्या गार पाण्याच्या बादलीत बसलो. आता पालथा पडून लिहितो आहे. कोरफड लावली आहे, तिनेच.

५ जानेवारी. दिवस छत्तिसावा.

बसता येत नाही, म्हणून उभ्याने 'लं' म्हटलं. नेम मोडला नाही.

दुपारी तिला सगळं सांगितलं. चौकोन, गंध, पृथ्वी तत्त्व, केनवडचे तीन दिवस, सात्त्विक अन्न, सगळं. आधी तिला समजेना. मग समजलं. हसता हसता ती वांग्याच्या वाफ्यातच खाली बसली, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "बाप्पा! म्या इटकर ठेवली अन् तुमी देवी समजले!" मग मलाही हसू फुटलं. गोमतीबाई कुंपणापाशी येऊन बघून गेली, या वयात यांना काय झालं म्हणून.

हसणं ओसरल्यावर विचारलं, "परवा तुले कळलं होतं मी जाऊन राह्यलो. मंग काल काहून ठेवली?"

तिने डोळे पुसले. "जान्याचं अलग हाय. कंबर तं हायच ना."

७ जानेवारी. दिवस अडतिसावा.

गुरुजींकडे गेलो. हरिसिंग नसताना सांगायचं ठरवलं होतं, तो होताच. त्याच्यासमोरच सांगितलं. तो ओठ चावत खिडकीतून बाहेर बघत राहिला, त्याने हसायला हवं होतं खरं.

गुरुजी हसले नाहीत. विचारलं, "बाई कितीले उठतात?"

"चारले. चूल पेटवते, इटकर तापवते, पाचले आसन तयार."

"अन् तुमाले पत्ता नाई."

"नाई."

"पोथीत लिवलं हाय, शक्ती झोपून अस्ते, साधकानं तिले उठवा लागते," गुरुजी म्हणाले. "तुमच्या घरची तं तुमच्या अगोदर उठून काम करून राह्यली."

ते थट्टा करत होते की शिकवत होते, मला कळलं नाही. मी म्हटलं, यादीतलं नाव खोडून टाका. ते म्हणाले, "खोडत नाई. इटकर खोटी असन, तुमचं बसनं तं खरं हाय. अडतीस दिस कोन बसते? यायचं असन तं या. दहा तारखेले सांगा."

म्हणजे अजूनही जाता येतं. मघा येताना जीपमध्ये सारखं तेच डोक्यात होतं. नदीचा काठ, पहाट, पुढे कुठलीही फेरी नाही. मन धावतं. आणि मग आठवतं, चुलीपाशी चार वाजता एकटी बसलेली बाई. चोवीस पहाटा ती बसली होती आणि मी भिंतीच्या अलीकडे डोळे मिटून शक्तीची वाट बघत होतो.

१० जानेवारी. दिवस एकेचाळिसावा.

आज चारला उठलो. तिच्याही आधी. अंगणात दात वाजत होते. चूल पेटवता पेटवता तीन काड्या गेल्या, धूर डोळ्यांत गेला, पण पेटली. वीट आत सरकवली. किती वेळ ठेवायची ते माहीत नव्हतं, म्हणून हाताने चाचपत राहिलो.

ती उठून आली आणि उंबऱ्यात थांबली.

"तुमी काय करून राह्यले?"

"बस," म्हटलं.

"कुठी?"

चुलीपुढे गोधडीची घडी घातली होती. आत वीट, खाकी शर्टात. ती म्हणाली, "मले काहून? माही कंबर कुठी दुखते?" मी म्हटलं, "पस्तीस वर्सं वाकून भाजी तोडते, अन् दुखत नाई?" ती पदर सावरून बसली. मी चहा ठेवला. साखर जास्त झाली.

थोड्या वेळाने तिने डोळे मिटले. तिच्या तोंडावर चुलीचा उजेड होता. मी इतकं नीट तिच्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं, आठवेना. मग एक डोळा उघडून म्हणाली, "ओ, राखीचे बाबा. खरंच काईतरी चढून राह्यलं."

"काय?"

"मालूम नाई. बरं वाटून राह्यलं."

पाच वाजून गेले. साडेपाच झाले. माझं आसन आत रिकामं पडलं होतं, समई तशीच, न लावलेली. शेवटच्या दिवशी नेम मोडला. मला वाटलं होतं की हळहळेन. हळहळलो नाही. माझ्या पाठीमागे भिंत गार होती आणि कण्याच्या खालच्या टोकाला काहीही तापत नव्हतं, आणि मी इतका सुखात होतो की हसू येत होतं.

"गुरुजीले काय सांगता मंग?" तिने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, पण कप तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"सांगतो की गाडी डेपोत लागली."

तिने कप खाली ठेवला. "उद्या इटकर मी ठेवीन," ती म्हणाली, "तुमाले अंदाज नाई. ही निवली बी."

दुपारी शेलूबाजारला जाऊन गुरुजींना सांगून आलो. वही आज संपवतो. शेवटची नोंद, पद्धतीप्रमाणे:

सुटण्याची वेळ, पहाटे चार. अंतर, मधल्या खोलीपासून चुलीपर्यंत. गाडीत बिघाड, नाही. मुक्काम, घर.